अंधारात विजेरी सापडावी कशी?

मृग नक्षत्र लागले की बेळगुंदीची रात्र बदलते. बेळगावच्या पश्चिमेस, राकसकोप जलाशयाच्या परिसरातील हे गाव सह्याद्रीच्या माथ्यापासून फार लांब नाही. त्यामुळे येथे पाऊस एकदा सुरू झाला की दिवसचे दिवस उघडीप मिळत नाही. भाताची खाचरे तुडुंब भरतात, बांधावरचे गवत गुडघ्यापर्यंत येते, आणि कोठेतरी एखादी फांदी तारेवर कोसळून सारे गाव एका क्षणात काळोखात बुडते. मग घराघरांतून जवळजवळ एकच संवाद ऐकू येतो.

"अगं, बॅटरी कुठं ठेवलीस?"

"टीव्हीजवळच हाय की."

"इथं न्हाई."

"मग काल तुम्हीच गोठ्यात न्हेलासा की!"

पुस्तकातली विजेरी ती गावातली बॅटरी. तिच्यात घालावयाचे ते सेल. नाव कोणतेही घ्या, अडचण तीच. उजेड असतो तेव्हा विजेरी कोठे आहे हे सर्वांना दिसते आणि तिची गरज कोणालाच नसते. गरज पडते त्या क्षणी मात्र ती शोधण्यासाठी दुसरी विजेरी हवी असते! बायबलमधील दहा कुमारिकांच्या दृष्टांतात पाच जणींना तेलाअभावी दाराबाहेर राहावे लागले. पण त्यांचे दिवे निदान त्यांच्या हातात तरी होते.

ही गोष्ट केवळ गैरसोयीची असती तर तिच्यासाठी एवढा वेळ खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु पावसाळ्यातील काळोखात चाचपडणारा हात कोठे जातो, याचा विचार करावा. विजेरी गोल असते. उशाशी ठेवलेली विजेरी झोपेत धक्का लागून घरंगळते आणि बाजेखाली, धान्याच्या पोत्यांमागे किंवा भिंतीच्या कोपऱ्यात जाते. अडचणीची, कोरडी, उबदार जागा साप-विंचवांनाही हवी असते. मण्यार हा साप तर रात्रीच हिंडणारा. त्याचे विषारी दात इतके बारीक असतात की दंश झाल्याचे पुष्कळदा झोपलेल्या माणसाला कळतही नाही, आणि लक्षणे दिसू लागेपर्यंत काही तास निघून जातात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. त्यांतील बहुतेक मृत्यू खेड्यांतले, आणि जवळजवळ निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते. कर्नाटक सरकारने २०२४ साली सर्पदंशाची नोंद शासनाला कळविणे रुग्णालयांवर बंधनकारक केले, ते उगाच नव्हे. तेव्हा विजेरीसाठी काळोखात जमिनीवर हात फिरविणे म्हणजे संकट टाळण्याचे साधन शोधताना संकटाच्याच बिळात हात घालणे होय.

जुन्या घरांत हा प्रश्न सोडविलेला होता. दिव्यासाठी भिंतीत कोनाडा असे. त्याची जागा घर बांधतानाच ठरे आणि पिढ्यान्‌पिढ्या बदलत नसे. काड्याची पेटी दिव्याशेजारीच असे. त्यामुळे घरातील प्रत्येकाचा हात डोळे मिटूनही तेथे जाई. विजेरी आली आणि दिव्याला पाय फुटले. अमेरिकेत १८९९ साली डेव्हिड मिसेल यांना नळीच्या आकाराच्या विजेरीचे पेटंट मिळाले. त्या वेळचे सेल इतके दुबळे होते की दिवा सतत जळत ठेवता येत नसे. क्षणभर लावावा आणि विझवावा लागे. पुढे सेल सुधारले, दिवे सुधारले, आता तर बोटाएवढी विजेरी अंगणभर उजेड पाडते. पण ती हातात मावते, खिशात जाते, गोठ्यात जाते, स्कूटरच्या डिकीत जाते, आणि कोनाड्यात परत येत नाही. सोयीबरोबर आलेला हा दोष आहे.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे आणि तोच सर्वांत खात्रीचा आहे. विजेरीला घर द्यावे. दाराच्या चौकटीजवळ, छातीच्या उंचीवर एक खुंटी ठोकावी, विजेरीच्या शेपटाला दोरीचा फास बांधावा आणि ती तेथेच टांगावी. गोठ्यासाठी दुसरी घ्यावी. एकाच विजेरीने दोन ठिकाणची कामे करू गेल्यास ती नेहमी तिसऱ्याच ठिकाणी सापडते. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून अंगठाभर रुंदीचे कडे कापून विजेरीच्या तोंडाजवळ चढविले तर दोन फायदे होतात. ती घरंगळत नाही, आणि काचेची बाजू कोणती हे हाताला न पाहता कळते. ओल्या हातातून ती निसटतही नाही, हा वरकड लाभ.

मात्र घरात पाहुणा असेल, लहान मूल असेल, किंवा झोपेतून दचकून उठलेला माणूस दिशाच विसरला असेल, तर खुंटीची सवय पुरत नाही. तेथे विजेरी डोळ्यांना दिसली पाहिजे. येथे पुष्कळांची एक समजूत तपासून पाहणे जरूर आहे. उसाच्या ट्रॉलीमागे जी चकाकणारी तांबडी-पांढरी पट्टी असते, तिचा तुकडा विजेरीवर चिकटविण्याची युक्ती काही जण करतात. ती पट्टी स्वतः प्रकाश देत नाही. तिच्यातील सूक्ष्म काचमणी किंवा लोलक आलेला प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत पाठवितात. मोटारीचे दिवे नसतील तर ट्रॉली जशी दिसत नाही, तशी गडद काळोखात विजेरीही दिसणार नाही. पांढरे फडके बांधण्याचेही तेच. पूर्ण अंधारात पांढरे आणि काळे यांत भेद राहत नाही.

पाहिजे तो पदार्थ असा, की जो उजेड असताना प्रकाश पिऊन ठेवील आणि काळोख झाल्यावर हळूहळू परत देईल. अशा पदार्थाची पहिली प्रसिद्ध हकीकत इटलीतील बोलोन्या शहराची. सतराव्या शतकाच्या आरंभी तेथील विन्चेन्झो काशारोलो नावाच्या एका चांभाराने, सोने करण्याच्या नादात, एक जड दगड कोळशाबरोबर भाजला. सोने झाले नाही. परंतु तो दगड उन्हात ठेवून अंधारात आणला असता निखाऱ्यासारखा उजळू लागला.

असे का होते, हे समजण्यास बेळगुंदीकराला खाचराचे उदाहरण पुरे आहे. पाऊस पडतो तेव्हा खाचर भरते. पाऊस थांबला म्हणजे पाणी एकदम नाहीसे होत नाही. बांधातून झिरपत राहते. पहिल्यांदा जोराने, मग अगदी संथपणे. प्रकाश साठविणाऱ्या पदार्थावर उजेड पडला की त्यातील इलेक्ट्रॉन ऊर्जा घेऊन वरच्या पातळीवर जातात, आणि त्यांपैकी काही स्फटिकातील खोबणींत अडकून पडतात. खोलीतील साधी उष्णता त्यांना थोडे थोडे करून बाहेर काढते. प्रत्येक सुटलेला इलेक्ट्रॉन पूर्वस्थितीला येताना प्रकाशाचा कण देतो. खोबणी उथळ असतील तर साठा लवकर संपतो, खोल असतील तर रात्रभर पुरतो. (विंचवावर अतिनील किरणांचा दिवा धरला तर तो निळसर-हिरवा चमकतो, हे पुष्कळांनी पाहिले असेल. पण तो दिवा काढताच चमक जाते. तेथे खाचराला बांधच नाही.)

मुलांच्या खोलीत छताला लावावयाच्या स्वस्त चांदण्या मध्यरात्रीपूर्वीच का विझतात, याचे उत्तर येथेच आहे. त्यांत बहुधा तांब्याचा अंश मिसळलेले झिंक सल्फाइड असते आणि ते तासाभरात मंदावते. १९९३ साली जपानमधील नेमोटो या कंपनीच्या संशोधकांनी स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटमध्ये युरोपियम व डिस्प्रोसियम ही दुर्मिळ मूलद्रव्ये अल्प प्रमाणात घालून नवा पदार्थ तयार केला. तो झिंक सल्फाइडच्या सुमारे दहापट तेजस्वी आणि दहापट टिकाऊ ठरला. आज आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा मार्ग दाखविणाऱ्या ज्या हिरवट पाट्या मोठ्या इमारतींत दिसतात, त्यांत हाच पदार्थ असतो. त्याची चिकटपट्टी बाजारात मिळते. दोन बोटे रुंदीचा वेढा विजेरीच्या तोंडाजवळ दिला की काम झाले. मूठ जेथे येते तेथे तो देऊ नये, घासून जातो.

जुन्या घड्याळांच्या काट्यांवर चमकणारा रंग मात्र निराळा. त्यात रेडियम असे. अमेरिकेतील न्यू जर्सीत १९१७ पासून घड्याळांच्या तबकड्या रंगविणाऱ्या मुली कुंचल्याचे टोक ओठांनी टोकदार करीत, आणि त्यांतील कित्येक जणी जबड्याच्या व हाडांच्या भयंकर रोगांनी गेल्या. रेडियमचे किरणोत्सर्जन निम्मे होण्यास सुमारे सोळाशे वर्षे लागतात. तेव्हा आजोबांच्या घड्याळावरचा रंग खरवडून विजेरीला लावण्याचा विचार कोणीही करू नये. नव्या पट्ट्यांत रेडियम नसते.

आता डोळ्यांविषयी थोडेसे. डोळ्याच्या पडद्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी उजेडात रंग ओळखतात, तर काडीसारख्या पेशी मंद प्रकाशात काम करतात. उजेडातून एकदम काळोखात गेल्यावर या दुसऱ्या पेशी पुरत्या जाग्या होण्यास अर्धा तासही लागतो. दिवे गेल्या क्षणी आपण आंधळे होतो ते यामुळे. पण योग असा की त्या क्षणी पट्टीही ताजी, भरलेली असते. उलट रात्री तीन वाजता पट्टी अगदी मंदावलेली असते, परंतु झोपेतून उठलेल्याचे डोळे तासन्‌तास अंधारात राहिल्याने कमालीचे तीक्ष्ण झालेले असतात, आणि हिरवट प्रकाश तर त्या काडीसारख्या पेशींना विशेष जाणवतो. एक बारकावा ध्यानात ठेवावा. डोळ्याच्या पडद्याच्या ऐन मध्यावर या पेशी नसतात. म्हणून पट्टीकडे थेट रोखून पाहिले तर ती नाहीशी झाल्यासारखी वाटते. किंचित बाजूला पाहावे म्हणजे दिसते. आकाशातील अंधुक तारे पाहणारे हेच करतात.

पट्टीला रोज खाद्य मात्र मिळाले पाहिजे. कपाटात, खणात किंवा उशीखाली ठेवलेली पट्टी उपाशीच राहते. वीज दोन दोन दिवस नसेल तर दिवसाचा उजेड तरी तिच्यावर पडावा, म्हणून खुंटी खिडकीसमोरच्या भिंतीवर असावी. ज्यांना एवढाही भरवसा नको, त्यांच्यासाठी शेपटाशी बारीकसा दिवा सतत तेवत ठेवणाऱ्या विजेऱ्याही निघाल्या आहेत. त्याने सेल संपतील ही भीती बरीचशी अनाठायी आहे. दोन हजार मिलिअँपिअर-तासांच्या सेलवर मिलिअँपिअरच्या दहाव्या हिश्शाचा दिवा हिशेबाने वीस हजार तास, म्हणजे दोन वर्षांहून अधिक चालावा. पावसाळी हवेत साधे सेल त्याच्या आधीच पाझरून विजेरी खराब करतात. तेव्हा दर मृगाला सेल काढून पाहणे हे पट्टीइतकेच जरुरीचे.

आता हातात मोबाइल असताना या साऱ्याची गरज काय, असे कोणी म्हणेल. मोबाइलचा उजेड खराच उपयोगी आहे. परंतु रात्री तो बहुधा भिंतीतील खुंटाला लावलेला, दुसऱ्याच खोलीत असतो. वीज गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तर तो स्वतःच मेलेला असतो, आणि त्यातील थोडीशी शक्ती वाहन बोलाविण्यासाठी राखून ठेवणे अधिक शहाणपणाचे.

खुंटी ठोकून, पट्टी लावून झाली की एके रात्री दिवे मालवून परीक्षा घ्यावी. ती घरच्या कर्त्या पुरुषाने देऊ नये, त्याला जागा ठाऊकच असते. घरातील आजीला आणि सर्वांत लहान, हात पोचेल अशा मुलाला अंथरुणावरून उठवून विजेरी आणावयास सांगावे. त्याआधी वाटेतील पाट, घागरी व चपला बाजूला केलेल्या असाव्यात. आजीचा हात खुंटीपर्यंत गेला नाही, किंवा पोराला पट्टी दिसूनही फास निघाला नाही, तर खुंटी हातभर खाली घ्यावी आणि दुसऱ्या रात्री पुन्हा पाहावे.