महागडी शाई : किंमत कशाची आणि काम कशाचे?

शाईचे पेन पुन्हा दिसू लागले आहे. बॉलपेनने आणि मागाहून जेल पेनने ज्याला दप्तरातून बाहेर काढले होते, तेच पेन अक्षर सुधारावे म्हणून आता शिक्षक सुचवतात, तर नोकरी लागलेला तरुण हौसेने खिशाला लावतो. पेन आले की शाई आली. दुकानात गेले की शाईच्या दोन जाती समोर येतात. एक आपली ओळखीची, साध्या बाटलीतली, चाळीस-पन्नास रुपयांना मिळणारी. दुसरी जाड काचेच्या देखण्या दौतीतली, जपान, जर्मनी किंवा फ्रान्सहून आलेली. तिची किंमत हजार-दीड हजार रुपये.

आम्ही दिवसा कचेरीत कारकुनी करतो आणि संध्याकाळी वस्तीतल्या अभ्यासिकेत बसतो. तिथे मुले विचारतात, "काका, त्या शाईने अक्षर चांगले येते का?" आणि त्यांच्या आया जाताजाता हळूच विचारतात, "भाऊ, खरंच घ्यावी लागते का हो ती?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची नीट उत्तरे द्यावीत, म्हणून हा लेखप्रपंच.

शाईत असते तरी काय?

फाऊंटन पेनची नेहमीची शाई म्हणजे बहुतांशी पाणी. त्यात विरघळणारा रंग, निब लवकर सुकू नये म्हणून ग्लिसरीनसारखा एखादा पदार्थ, शाई निबेतून नीट उतरावी म्हणून किंचित साबणासारखे द्रव्य आणि बुरशी धरू नये म्हणून थोडे औषध. चाळीस रुपयांच्या बाटलीत हेच असते आणि दीड हजारांच्या दौतीतही मुख्यतः हेच असते.

आपल्याकडे ही विद्या काही नवी नाही. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईची पूड आणि वड्या करण्यापासून सुरुवात केली. त्यातूनच पुढे कॅमलिन उभी राहिली आणि 'कॅमल'ची शाई महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत पोहोचली. २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीने या कंपनीतला मोठा हिस्सा घेतला. बंगालमध्ये मैत्र बंधूंनी १९३४ साली स्वदेशीच्या भावनेने 'सुलेखा' शाई काढली. कोलकात्याच्या जादवपूर भागातला एक चौक आजही त्या नावाने ओळखला जातो. परदेशी शाईशी टक्कर देईल अशी स्वस्त शाई करता येते, हे या मंडळींनी तेव्हाच दाखवून दिले होते.

मग जास्तीचे पैसे कशाचे?

महागड्या शाईत काहीच नसते असे म्हणणे अन्यायाचे होईल. जपानच्या पायलट कंपनीने २००७ साली 'इरोशिझुकू' नावाची शाई काढली. तिच्यात निळ्याच्याच कितीतरी छटा आहेत. एकाच अक्षरात कुठे गडद तर कुठे फिकट अशी छटा उमटते, निब अडखळत नाही आणि पेन सहज धुतले जाते. फ्रान्सच्या एर्बां या जुन्या पेढीच्या काही शायांत सोनेरी कण असतात. चांगल्या कागदावर ते अक्षर खरोखरच चमकते. ही रंग जुळवणाऱ्याची कारागिरी आहे. तिला दाम मिळाला तर त्यात वाईट काही नाही.

पण जास्तीचे सगळेच पैसे त्या कारागिरीचे नसतात. त्यात जाड काचेची दौत आली, सुंदर खोका आला, जहाजाचे भाडे आले, आयातीचा कर आला, दुकानदाराचा नफा आला. शिवाय नावाची किंमत आलीच.

आणि एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. अशा पुष्कळशा शाया पेनमधून सढळ वाहतात. त्या गुळगुळीत, घट्ट विणीच्या कागदासाठी केलेल्या असतात. आपली मुले वापरतात त्या पातळ वहीच्या कागदावर तीच शाई पसरते, अक्षराला पाय फुटतात आणि पानाच्या पाठीमागे डाग उमटतात. मग मागची बाजू लिहायला निरुपयोगी होते. म्हणजे शाई महाग घ्यायची आणि तिच्यापायी वहीही दुप्पट लागायची! त्या मानाने आपली साधी निळी शाई बेताने वाहते आणि साध्या कागदावर बऱ्याचदा तीच नीट बसते.

अक्षराचे म्हणाल, तर ते हाताच्या सरावाने येते. त्यानंतर निब, त्यानंतर कागद, आणि शाईचा क्रमांक सर्वांत शेवटी. निब खरखरीत असेल तर दीड हजाराची शाई तिला गुळगुळीत करणार नाही.

कारकुनाचा हिशेब

आता आमच्या धंद्याची गोष्ट, म्हणजे आकडेमोड. बारीक निबेच्या पेनने एक मिलिलिटर शाईत सुमारे १२ पाने लिहून होतात असे धरू. निब जाड असेल तर पाने कमी होतील, पण अंदाजाला एवढे पुरे. दुकानागणिक भाव बदलतात, म्हणून हिशेबापुरती साधी शाई ६० मिलिलिटरला ४० रुपये आणि महागडी ५० मिलिलिटरला १५०० रुपये धरू.

साध्या शाईने एका पानाला खर्च येतो सुमारे साडेपाच पैसे. महागड्या शाईने येतो अडीच रुपये. म्हणजे जवळजवळ ४५ पट!

दहावीचा विद्यार्थी रोज ५ पाने लिहीत असेल, तर वर्षाची झाली सुमारे १८०० पाने. त्याला १५० मिलिलिटर शाई लागेल. साध्या शाईच्या अडीच बाटल्या, १०० रुपये. महागड्या शाईच्या तीन दौती, ४५०० रुपये. फरक ४४०० रुपयांचा. एवढ्या पैशात मुलाचा चष्मा होतो, परीक्षेची फी भरली जाते, वर्षाच्या वह्या येतात आणि वर चार चांगली पुस्तके घरात येतात. ज्या घरात महिन्याच्या वीस तारखेनंतर पिशवी हलकी होते, त्या घराने हा फरक डोळ्यांआड करू नये.

टिकणे ही वेगळी गोष्ट

आता मुद्द्याचे बोलतो. पुष्कळांची समजूत अशी, की महाग शाई म्हणजे टिकाऊ शाई. ही समजूत चुकीची आहे. महागड्या शायांपैकी कितीतरी शाया पाण्याचा एक थेंब पडला की पसरतात आणि उन्हात फिकट होतात, कारण त्या केवळ छटेसाठी केलेल्या असतात. टिकाऊपणा किमतीवर नव्हे, शाईच्या जातीवर अवलंबून असतो. त्या जाती ठळकपणे तीन.

पहिली, नुसत्या रंगाची शाई. शाळेची धुतली जाणारी निळी शाई याच जातीची. कपड्यावरचा डाग निघतो हा तिचा गुण, आणि कागदावरचे अक्षरही निघते हा तिचा दोष. रोजच्या अभ्यासाला ती उत्तम.

दुसरी, लोखंडाची शाई. मायफळातला तुरटपणा आणि हिराकस यांच्या मिलाफातून ती होते. लिहिताना ती फिकी असते, म्हणून तिच्यात निळा रंग मिसळतात. मग हवा लागून ती हळूहळू काळी पडते आणि कागदाच्या तंतूंत घट्ट बसते. जुन्या कचेऱ्यांतली 'ब्लू-ब्लॅक' शाई ती हीच. इंग्लंडमध्ये जन्म-विवाहाच्या नोंदवह्या वर्षानुवर्षे याच शाईने लिहिल्या गेल्या. आपल्या मानक संस्थेनेही रंगाची शाई आणि लोखंडाची शाई यांची मानके वेगवेगळी ठरवली होती. मात्र आज बाटलीवर 'ब्लू-ब्लॅक' छापलेली प्रत्येक शाई लोखंडाची नसते, हे ध्यानात ठेवावे.

तिसरी, बारीक कणांची शाई. हिच्यातला रंग पाण्यात विरघळलेला नसून कणांच्या रूपाने तरंगतो. अशी काळी शाई सुकली की पाण्याला दाद देत नाही आणि उन्हातही चांगली टिकते. मात्र पेन पंधरा दिवस पडून राहिले की आत खडा होतो. ड्रॉइंगची 'इंडियन इंक' निराळी. ती फाऊंटन पेनमध्ये कधीही भरू नये, पेन कायमचे जाईल.

रजिस्टरातली एक ओळ

टिकाऊपणाला आम्ही एवढे महत्त्व का देतो, ते आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. जातीच्या दाखल्यासाठी आणि पुढे पडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या कुटुंबाकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. १९९० साली केंद्राने कायदा दुरुस्त करून बौद्धांना या सवलती लागू केल्या, तेव्हापासून तर किती घरांतून आजोबा-पणजोबांच्या नावाचा शोध सुरू झाला! कोणी शाळेचे जनरल रजिस्टर धुंडाळतो, कोणी तहसिलीत जाऊन कोतवाल बुकाची नक्कल मागतो. त्या एका ओळीवर नातवाचा मेडिकलचा प्रवेश, नातीची शिष्यवृत्ती अवलंबून असते.

एका खेड्यातल्या शाळेचे असे रजिस्टर आम्ही पाहिले आहे. १९४०च्या दशकातली पाने तपकिरी पडली होती, पण प्रत्येक नाव वाचता येत होते. त्याच कपाटातल्या नंतरच्या एका रजिस्टराला ओल लागली होती. तिथे निळ्या शाईचे नुसते ढग झाले होते. कोणाचे नाव, कोणाची जन्मतारीख, काही कळायला मार्ग नव्हता. त्या पानांवरची मुले आज आजोबा झाली असतील. कागद तेवढाच जाड आणि कपाटही तेच होते. फरक होता तो शाईचा.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर मुंबईच्या वस्त्यांतून दोऱ्यांवर कपड्यांबरोबर कागदही वाळत होते. २०१९च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडे तेच झाले. आपली घरे सखल भागात, पत्र्याखाली असतात. पाणी आधी आपल्याच दारात येते. म्हणून आपल्या कागदांची शाई पाण्याला उत्तर देणारी हवी.

घरच्या घरी परीक्षा

शाई टिकाऊ आहे की नाही हे बाटलीवरच्या जाहिरातीवरून ठरवू नये. घरीच पाहावे. एका कागदाचे तीन तुकडे करावेत. तिन्हीवर त्याच शाईने आपले नाव आणि तारीख लिहावी आणि एक दिवस वाळू द्यावे. पहिला तुकडा वाटीभर पाण्यात पाच मिनिटे ठेवावा. दुसरा महिनाभर उन्हाच्या खिडकीला चिकटवावा. तिसरा पुस्तकात मिटून ठेवावा. महिन्यानंतर तिन्ही शेजारी ठेवून मुलांना दाखवावेत. शाळेतल्या विज्ञानाच्या धड्याइतकाच हा धडा त्यांच्या लक्षात राहील.

हाच प्रयोग बॉलपेन आणि जेल पेनवरही करावा. पुष्कळशी दहा रुपयांची काळी जेल पेने पाण्याच्या परीक्षेत महागड्या शाईला मागे टाकतात! अर्ज, प्रतिज्ञापत्र, सोसायटीचे इतिवृत्त यांसाठी तेवढे पेन पुरते. धनादेशावर मात्र धुतली जाणारी निळी शाई कधीही वापरू नये. अक्षर पुसून रक्कम बदलणाऱ्याला ती आयतीच सापडते.

मग घ्यावी की नाही?

आमचे मत विचाराल, तर असे सांगू. शाळकरी मुलाला साधी निळी किंवा काळी शाई द्यावी. तेच पैसे बऱ्या निबेच्या पेनात आणि थोड्या जाड कागदाच्या वहीत घालावेत. दर दोन-तीन आठवड्यांनी पेन साध्या गार पाण्याने धुवावे. दोन कंपन्यांच्या शाया एकत्र करू नयेत, त्यांचा साका बसतो. बाटलीत नळाचे पाणी घालून शाई वाढवू नये, बुरशी धरते. एवढे पाळले तर साधी शाईही वर्षानुवर्षे कुरकुर करत नाही.

ज्यांच्या हातून नोंदी होतात, म्हणजे मंडळाचे चिटणीस, बचतगटाच्या ताई, वसतिगृहाचे अधीक्षक, त्यांनी टिकणाऱ्या जातीची शाई मुद्दाम घ्यावी. इथे चार पैसे जास्त गेले तरी ते सार्थकी लागतात. एका दौतीत वर्षभराच्या नोंदी होतात आणि त्या पुढच्या पिढ्यांच्या उपयोगी पडतात.

आणि हौसेचे काय? आम्ही हौसेच्या विरुद्ध नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या हातात दौत-टाक कधी आले नाहीत. त्यांच्या नातीला पहिल्या पगारात मोरपंखी शाईची दौत घ्यावीशी वाटली, तर तिने ती जरूर घ्यावी आणि त्या शाईने आईला पत्र लिहावे. हल्ली काही दुकानांतून दोन-तीन मिलिलिटरचे नमुनेही मिळतात. चार मैत्रिणींनी मिळून एक दौत घेतली तरी प्रत्येकीला वर्षभर पुरते. फक्त एवढे समजून घ्यावे, की आपण पैसे मोजतो ते रंगाच्या आनंदासाठी. त्या पैशांत अक्षरही येत नाही आणि गुणही येत नाहीत.

शेजारच्या बाकावरच्या मुलाकडे महागडी दौत आहे म्हणून आपले लेकरू खट्टू होत असेल, तर त्याला जवळ बसवून हा पानामागे साडेपाच पैशांचा हिशेब समजावून सांगा. परीक्षकाच्या हाती उत्तरपत्रिका पडते तेव्हा तो त्यावरचे उत्तर वाचतो. ती शाई कोणत्या दौतीतली, हे त्याला कधीच कळत नाही.