नळीतला बुडबुडा

मावळातल्या आंध्रा नदीचं पाणी ठोकळवाडीच्या धरणात अडतं, सह्याद्रीवरून मोठ्या नळांनी खाली येतं, भिवपुरीच्या वीजघरात टाटांची जनित्रं फिरवतं आणि पेज नदीत उतरतं. 1922 पासून हे चालू आहे. त्यामुळे आजूबाजूचे ओढे शिमग्यानंतर आटले तरी पेज वाहती राहते आणि पुढे उल्हासला मिळते. वाहतं पाणी शुद्ध, ही समजूत इथे खोलवर रुजलेली आहे. पण त्याच प्रवाहात वस्त्यांचं सांडपाणी उतरतं, गुरं उतरतात, सुट्टीचे पर्यटकही उतरतात. निवळशंख पाण्यात काय आहे ते मोजल्याशिवाय कळत नाही.

पाण्यातला प्रत्येक रोगजंतू शोधत बसणं परवडणारं नाही. म्हणून प्रयोगशाळा कोलिफॉर्म जीवाणू शोधते, आणि त्यांतही मुख्यतः ई. कोलाय. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी. पण त्याचं घर माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात, म्हणून तो सापडला की पाण्याचा विष्ठेशी संबंध आला हे नक्की. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक त्याबाबत सूट देत नाही: 100 मिलिलिटरमध्ये तो सापडताच कामा नये.

मोजणीची जुनी, अजूनही भरवशाची रीत म्हणजे पंधरा नळ्या. पाच नळ्यांत प्रत्येकी 10 मिलिलिटर पाणी, पाचांत 1, पाचांत 0.1. प्रत्येकीत मॅकाँकीचं जांभळं द्रावण आणि आत उपडी ठेवलेली बोटाच्या पेराएवढी छोटी नळी, डरहॅम ट्यूब. नळ्या 37 अंशांवर उबवणीपेटीत जातात. जीवाणू द्रावणातली लॅक्टोज साखर खातात, आम्ल सुटतं, जांभळा रंग पिवळा पडतो. वायू सुटतो तो उपड्या नळीच्या टोकाशी अडकतो. तो बुडबुडा म्हणजे साक्ष. 48 तासांनी बुडबुड्याच्या नळ्या मोजून तक्त्यात पाहायचं. पहिल्या पाचही नळ्या वायूच्या आणि बाकी दहा स्वच्छ, तर 100 मिलिलिटरला सुमारे 23. हा अंदाज आहे, खरा आकडा दुप्पट-तिप्पटही निघू शकतो. तरी हा अंदाज मला मोलाचा वाटतो, कारण नुसत्या ‘दूषित’ या शेऱ्यावरून विहीर किती बिघडली ते समजत नाही. बुडबुडा दिसला तरी काम संपत नाही. त्या नळीतलं द्रावण नव्या नळीत घालून 44 अंशांवर पुन्हा वाढवतात, तिथेही वायू सुटला तर ई. कोलायचा संशय पक्का होतो.

दूध, पनीर, चटणी यांतले जीवाणू मोजण्याची रीत वेगळी. नमुना दहा-दहा पटींनी विरळ करत जायचा, अगारच्या थाळीत ओतायचा आणि उगवलेले ठिपके मोजायचे. तीसच्या आत किंवा तीनशेच्या वर ठिपके असलेली थाळी सहसा हिशेबात धरत नाहीत.

पाण्याच्या मोजणीचं भवितव्य मात्र बरंचसं विहिरीच्या काठावरच ठरतं. नमुना आणणारा असतो गावचा जलसुरक्षक किंवा आरोग्यसेवक. बाटली निर्जंतुक हवी, तिचं बूच जमिनीवर ठेवायचं नाही, गळ्याशी थोडी हवा सोडायची, म्हणजे नंतर नमुना नीट हलवता येतो. बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेटचे थेंब असतात. पाण्यात टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, क्लोरिन असेल तर तो तिथेच थांबवायला. ते थेंब नसले तर क्लोरिन वाटेतही जीवाणू मारत राहतो आणि प्रयोगशाळेला गावच्या पाण्यापेक्षा बरं पाणी मिळतं. बर्फाच्या पेटीतून चोवीस तासांत बाटली पोचली पाहिजे.

अहवाल येईपर्यंत दोन-तीन दिवस जातात आणि गाव तेच पाणी पितं. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा, मौर्य आणि राव यांनी 1982 मध्ये मांडलेली हायड्रोजन सल्फाइडची कुपी इथे कामी येते. पाणी भरून ठेवायचं, ते काळं पडलं तर संशय. तिच्यातून आकडा मिळत नाही, पण उबवणीपेटीही लागत नाही, त्यामुळे ठाकूर-कातकरी वाडीतही ती चालते.

पहिल्या पावसात रानातली घाण धुऊन विहिरीत आणि डवऱ्यात येते, तेव्हाचा नमुना चुकवू नये. नमुना बिघडलेला निघाला, टीसीएल टाकली, म्हणजे काम झालं असं धरून चालणं मला धोक्याचं वाटतं. त्याच विहिरीची दुसरी बाटली काही दिवसांत प्रयोगशाळेत गेली पाहिजे आणि दोन्ही आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर शेजारीशेजारी लिहिले पाहिजेत.