गिरणी नसलेल्या घरातलं दळण

पायथन शिकायला बसलेला माणूस पहिल्यांदा अडतो तो भाषेपाशी नाही, मॉड्यूल बसवताना. विंडोजवर पिपला, म्हणजे मॉड्यूल बसवणाऱ्या साधनाला, हुकूम सोडावा, काही वेळ सगळं सुरळीत चालावं आणि मग लाल अक्षरांत उत्तर यावं: मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० किंवा त्यापुढचं हवं. मागितलं होतं पायथनचं मॉड्यूल. हे सी++ कुठून उपटलं?

पायथन आकडेमोडीत संथ. म्हणून बऱ्याच मॉड्यूलांचा वेगाचा भाग सी, सी++ किंवा अलीकडे रस्टमध्ये लिहिलेला असतो. तो यंत्राच्या भाषेत आणायला कंपायलर लागतो. म्हणजे घरात भाजणीचं धान्य आलं, पण गिरणी नाही. यावर उपाय म्हणून २०१२ साली डॅनियल होल्थ यांनी ‘व्हील’ हा साचा मांडला: दळण आधीच करून पीठच पाठवायचं. (व्हील म्हणजे गाडीचं चाक नव्हे, चीजची गोल चकती. पायथनच्या मॉड्यूल-भांडाराला पूर्वी ‘चीज शॉप’ म्हणत.)

कंपायलर लागेल का, हे बहुतेकदा फाइलच्या नावावरच लिहिलेलं असतं, फक्त ते कोणी वाचत नाही. शेवट ‘पीवाय३-नन-एनी’ असेल तर आत निव्वळ पायथन आहे, कुठेही चालेल. ‘सीपी३११-सीपी३११-विन_एएमडी६४’ असेल तर आतलं पीठ पायथन ३.११ आणि ६४ बिटी विंडोज यांच्यासाठीच दळलेलं. व्हील नसून नुसती ‘टार.जीझेड’ असेल तर ते धान्य. तेवढ्यावरून घाबरू नये, कारण आत निव्वळ पायथन असलं तर कंपायलरशिवायही काम होतं. ती उघडून आत ‘.सी’, ‘.पीवायएक्स’ किंवा ‘.आरएस’ फाइली आहेत का, ते पाहावं.

पण मॉड्यूल एकटं येत नाही. त्याला लागणारी दुसरी, तिसरी मॉड्यूलं मागोमाग येतात आणि गाडं बहुधा तिथे अडतं. त्यासाठी पिपला ‘ओन्ली-बायनरी’ हा पर्याय देऊन सगळ्यांना लागू करावा. साखळीत एकाचं जरी व्हील नसलं तरी पिप तिथेच नकार देतो.

तपासणारा हमखास फसतो तो स्वतःच्या यंत्रावर. त्याच्याकडे कंपायलर आधीपासूनच असतो. मॉड्यूल गुपचूप दळलं जातं आणि तो बेधडक सांगतो, ‘बसतं की!’ डॉकरमधली पायथनची ‘स्लिम’ प्रतिमा घ्यावी, तिच्यात जीसीसी हा सी कंपायलर नसतो. नाहीतर लिनक्सवर ‘सीसी’ या चलात ‘/बिन/फॉल्स’ भरून कंपायलर पळवून लावावा. तरीही एक मेख राहते. पायवायएएमएलसारखी काही मॉड्यूलं कंपायलर नसला तर तक्रार न करता संथ, निव्वळ पायथनच्या वाटेने बसतात. बसलं, एवढ्यावर समाधान मानू नये; कोणतं बसलं तेही विचारावं.

पर्लवाल्यांना हे दुखणं जुनंच. तिथे ‘.एक्सएस’ फाइल दिसली की सी कंपायलर आलाच. मात्र त्यांच्याकडे जोडीची पद्धत आहे: जेसन::एक्सएस वेगवान, जेसन::पीपी निव्वळ पर्लमधलं, आणि हे दुसरं २०११ पासून पर्लसोबतच मिळतं.

पूर्ण निर्धास्त कोणीच नसतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘क्रिप्टोग्राफी’ या अतिशय वापरातल्या मॉड्यूलने रस्ट आत घेतलं. व्हील तयार होती, पण जुन्या पिपला ती ओळखता येईनात आणि अल्पाइन लिनक्सवर ती चालणारच नव्हती. दोन्हीकडे पिप धान्याकडे वळला, रस्टचा कंपायलर शोधू लागला आणि आदल्या दिवसापर्यंत बिनबोभाट चाललेली कामं कोलमडली.

पायथनची नवी आवृत्ती हल्ली दर ऑक्टोबरात येते, दिवाळीच्या आगेमागे. तेव्हा सगळ्यांची व्हील तयार नसतात. काहींना आठवडे लागतात, काहींना महिने. भाच्याच्या नव्या लॅपटॉपवर म्हणून मी गेल्या वर्षीचंच पायथन टाकून दिलं.