देखभालीची परीक्षा

24 फेब्रुवारी 2021 रोजी सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी वांद्रे-कुर्ला संकुलातील राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार थांबले, ते दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. त्या दिवशी बाजार सायंकाळी पाचपर्यंत चालवावा लागला. दोन कंपन्यांच्या दूरसंचार वाहिन्या डळमळीत झाल्या होत्या. आणि बाजाराच्या नंतरच्या खुलाशानुसार त्याचे कारण होते रस्त्यावरील खोदकाम! मुंबईकराला यात नवल वाटू नये. नवल आहे ते पुढेच. वाहिन्या तुटल्या तरी काम अडू नये अशी तजवीज माहिती साठविणाऱ्या यंत्रणेत करून ठेवलेली होती. तीच ऐन वेळी फसली. पर्यायी केंद्रावर कारभार हलविण्याचा मार्गही होता, पण तो त्या दिवशी अवलंबिला गेला नाही.

सॉफ्टवेअरची देखभाल म्हणजे बिघडले की दुरुस्त करणे, अशी कचेऱ्याकचेऱ्यांतून समजूत असते. लिएन्त्झ व स्वॉन्सन या अभ्यासकांनी 487 संस्थांची पाहणी करून 1980 साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते या समजुतीला छेद देणारे होते. संगणक विभागांचा जवळजवळ निम्मा वेळ जुन्या प्रणालींच्या देखभालीत खर्ची पडत होता आणि त्यातील सुमारे पाचवा हिस्साच चुका सुधारण्यासाठी होता. सर्वांत मोठा वाटा होता तो वापरणाऱ्यांनी मागितलेल्या सुधारणांचा. यंत्र झिजते म्हणून त्याला तेल घालावे लागते. प्रोग्राम झिजत नाही, भोवतालचे जग मात्र बदलत राहते. वेतन आयोग आला, कराचे दर फिरले, की जुन्या प्रोग्रामला हात लावणे आलेच. तो हात कोणी लावला, का लावला आणि त्याआधी चाचणी घेतली काय, याची नोंद ज्या संस्थेत सापडत नाही, तिची देखभाल चांगली आहे असे कोणत्या आधारावर म्हणावे? नवी प्रणाली आणली की उद्घाटन होते, छायाचित्रे छापली जातात. देखभालीच्या वाट्याला हार-तुरे येत नाहीत. बहुधा पुरेसा पैसाही येत नाही.

महाराष्ट्रातील शिक्षकांना हे सांगावयास नको. 2018 साली वेतनाची ‘शालार्थ’ प्रणाली कोलमडली, तेव्हा पगारबिले पुन्हा कागदावर आली होती.

शेअर बाजाराच्या प्रकरणानंतर ‘सेबी’ने मोजमापच ठरवून दिले: महत्त्वाची प्रणाली बंद पडल्यास 30 मिनिटांत आपत्ती जाहीर करावयाची आणि त्यापुढील 45 मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करावयाचे. पुढे 2 मार्च 2024 रोजी, शनिवारी, बाजार मुद्दाम उघडून पहिले सत्र मुख्य केंद्रावरून व दुसरे पर्यायी केंद्रावरून चालविण्यात आले. व्यवहार खरे होते, पैसाही खराच होता. कागदावरील योजनेचा कस अशाच तालमीत लागतो. सरकारी वेतनप्रणालींचीही अशी तालीम वर्षातून एकदा, आधी जाहीर केलेल्या तारखेला, घ्यावी आणि तिचा निकाल शिक्षक-कारकुनांच्या माहितीसाठी छापावा, यास कोणाची हरकत असावी?