‘उतार’, ‘जवळ’ आणि ‘चाकोरी’ : महागाव परिसरातील एका दिवसाच्या प्रवासाची भाषा

यवतमाळ जिल्ह्यातील महागावाहून एका दिवसात जाऊन येता येईल अशी दोन ठिकाणे सामान्यतः सांगितली जातात. एक पैनगंगेवरील सहस्रकुंड आणि दुसरे माहूरचे डोंगर. पहिले पाण्याने कोरलेल्या घळीसाठी, तर दुसरे उंचावरून दिसणाऱ्या विस्तीर्ण मुलुखासाठी प्रसिद्ध आहे. धडधाकट प्रवाशाला या दोहोंविषयी फारशी चौकशी करावी लागत नाही. परंतु ज्याचे गुडघे निकामी झाले आहेत, जो काठीवर किंवा चाकांच्या खुर्चीवर अवलंबून आहे, त्याला पुढची वाट कोणी तरी शब्दांनी आधी दाखवावी लागते. या ठिकाणी मराठीची वाटवर्णने अपुरी पडतात. का पडतात, याचा विचार भाषाशास्त्राच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

प्रथम भूमीविषयी. महागाव, पुसद हा सारा टापू दख्खनच्या लाव्हाने घडलेला आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या थरांपैकी कठीण थर टिकून राहतात, मऊ थर झिजतात आणि डोंगरांच्या बाजूंना टप्पे पडतात. या खडकास भूशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात. हा शब्द स्वीडिश भाषेतील ‘ट्राप्पा’ या शब्दापासून आला असून त्याचा अर्थ जिना, पायरी असा आहे. म्हणजे ज्या भूमीवर हा प्रवासी निघाला आहे तिचे शास्त्रीय नावच मुळी जिन्यावरून पडलेले आहे!

वाट सांगणारा मनुष्य ऐकणाऱ्यास मनाने बरोबर घेऊन चालू लागतो. 1975 साली लिंडे आणि लाबोव्ह यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्यूयॉर्कमधील रहिवाशांना आपापल्या घराची मांडणी सांगावयास लावली होती. बहुतेक सर्वांनी नकाशा न सांगता फेरी सांगितली : दारातून आत आलात की डावीकडे अमुक, पुढे गेलात की तमुक. त्यापूर्वी 1934 मध्ये कार्ल ब्यूलर याने दाखवून दिले होते, की ‘येथे’, ‘तेथे’, ‘पुढे’ या शब्दांना बोलणाराचे शरीर हाच मूळबिंदू असतो. दोहोंचा एकत्र परिणाम असा, की फेरी सांगणारा स्वतःचेच पाय ऐकणाऱ्यास उसने देतो. ‘दोन पावलांवर’, ‘हाकेच्या अंतरावर’, ‘धापेचा चढ’ ही मापे पाहिली म्हणजे हे स्पष्ट होते. पाऊल, आवाज, दम ही सारी सांगणाराची आहेत.

यांपैकी सर्वांत फसवा शब्द ‘जवळ’. वऱ्हाडीच्या अनेक रूपांत ‘ळ’चा ‘य’ होतो. तेव्हा ‘काळा’चा ‘काया’ आणि ‘जवळ’चा ‘जवय’ होतो. उच्चार कोणताही असो, हा शब्द अंतर सांगत नाही, धीर देतो. शेतात रोज मैलोगणती चालणाऱ्याचा ‘जवय’ आणि अंगणातून ओटीवर येताना दोनदा थांबणाऱ्याचा ‘जवय’ यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. सांगणारा खोटे बोलत नसतो. तो आपल्या देहाचे खरे बोलत असतो.

दुसरा शब्द ‘उतार’. मराठीत या शब्दाभोवती सुखाचे वलय आहे. आजाऱ्यास ‘उतार पडला’ म्हणजे दुखणे कमी झाले; नदीस ‘उतार’ आहे म्हणजे ती पायी ओलांडता येते. म्हणूनच ‘पुढे नुसता उतार आहे’ हे वाक्य आश्वासन म्हणून उच्चारले जाते. दुखऱ्या गुडघ्याचा अनुभव नेमका उलट आहे. पायऱ्या चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्याच्या वाटीमागील सांध्यावर पुष्कळदा अधिक भार येतो, आणि तोल गेलाच तर पुढे कोसळण्याची भीती असते. शिवाय घळ पाहावयास गेलेल्या माणसाचा जाताना असलेला उतार हाच परतीचा चढ असतो. डोंगरमाथ्यावर जाताना दमणूक आधी होते आणि घळीत ती शेवटी, अंगात त्राण उरले नसताना, गाठते. सहस्रकुंड आणि माहूर यांतील निवड करताना हा भेद निर्णायक ठरतो. पण ‘पाहण्यासारखे’ या एकाच विशेषणाने दोन्ही स्थळांची बोळवण होते.

तिसरा शब्द ‘चाकोरी’. मराठीने वाटांना चालणाऱ्यावरून नावे दिली आहेत : पायवाट, गाडीवाट. गाडीच्या चाकांनी पडलेला माग तो चाकोरी. साहित्यात मात्र हा शब्द निंदाव्यंजक झाला आहे. चाकोरीबद्ध जीवन हीन आणि आडवाटेचा प्रवासी थोर, असे समीकरण रूढ आहे. हे समीकरण ज्याने मांडले त्याचे पाय शाबूत असले पाहिजेत. चाकांच्या खुर्चीवरील माणसाला आडवाट बंद असते आणि जेथवर चाकोरी तेथवरच त्याचे जग मोकळे असते. पंगूने पर्वत ओलांडणे ही आपल्या परंपरेत ईश्वरी कृपेची खूण मानली गेली. कृपेची जागा उताराच्या प्रमाणाने घेतली ती अगदी अलीकडे. बांधीव उतरंडीसाठी 1 फूट उंचीस 12 फूट लांबी हे प्रमाण आज मान्य आहे. त्या हिशेबाने सहा इंची एका पायरीस सहा फूट, आणि अशा शंभर पायऱ्यांस, मधले विसाव्याचे सपाट टप्पे सोडून, 600 फूट लागतात. डोंगरावर एवढी जागा क्वचितच मिळते. म्हणून रायगडावर 1996 पासून रज्जुमार्ग आणि सप्तशृंगीवर 2018 पासून रुळांवरील ट्रॉली आली. वेरूळ-अजिंठ्यापैकी अजिंठ्यास खुर्चीवरून वाहून नेणाऱ्यांची जुनी सोय आहे. ती उपयुक्त खरी, पण बसणाऱ्यास संकोचविणारी.

कायद्याची भाषाही या संदर्भात पाहण्याजोगी आहे. 1995 च्या अधिनियमात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या अधिनियमात ते 21 झाले. ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ हा शब्द शासनव्यवहारात रूढ झाला. नामांतरावर पुष्कळ चर्चा झाली, तितकी वाटेवरील फलकांच्या मजकुरावर झाली नाही. आणि सत्तरी उलटलेली, कोणत्याच प्रकारात न मोडणारी, परंतु वीस पायऱ्यांपुढे हतबल होणारी माणसे तर दोन्ही शब्दांच्या बाहेरच राहिली.

आता प्रत्यक्ष प्रवास. माहुरास रेणुका, दत्त आणि अनसूया यांची स्थाने वेगवेगळ्या डोंगरांवर आहेत. वाहन बरेच वर जाते. रेणुकामंदिरास मात्र पायऱ्या आहेत. येथे दर्शन आणि दृश्य या दोन गोष्टी वेगळ्या काढून विचारणे हिताचे. पैनगंगेच्या खोऱ्याचे दृश्य घाटरस्त्याच्या वळणावर गाडी थांबवूनही मिळते. देवीचे दर्शन तसे मिळत नाही. सहस्रकुंडास महागावाहून उमरखेडमार्गे जाता येते. पूर्वी पैनगंगेचा अलीकडचा काठ वऱ्हाडात आणि पलीकडचा निजामी मुलुखात होता. आज एक काठ यवतमाळ जिल्ह्यात, दुसरा नांदेड जिल्ह्यात असून धबधबा दोहोंकडून दिसतो. त्यामुळे ‘सहस्रकुंडास वाट कशी आहे?’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या काठाने, हे आधी ठरवावे लागते. भर पावसाळ्यात पाणी मोठे असते, पण काळा खडक निसरडा होतो आणि काठी टेकत नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरून कोरलेला खडक उघडा पडतो. घळीचे स्वरूप तेव्हाच नीट कळते, मात्र ऊन सोसवत नाही. पावसाळा संपल्यानंतरचे दिवस बरे.

वाट विचारताना उत्तर ‘जवळ’ किंवा ‘उतार’ या शब्दांत येणारच नाही असे प्रश्न करावे लागतात. मोटार कोठवर जाते? तेथून पायऱ्या किती? कठडा डाव्या हाताला की उजव्या? (अर्धांगवायू झालेल्यास हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.) मध्ये टेकावयास जागा आहे काय? असे विचारले म्हणजे सांगणारा क्षणभर थांबतो, डोळे मिटून पायऱ्या मोजू लागतो, आणि पुष्कळदा ‘थांबा, पोराला पाहून यायला सांगतो’ असे म्हणतो.