पेपर नाही, मग गुण कसे?

सबाह अल-सालेम ही कुवेत सिटीच्या दक्षिणेकडची, मुबारक अल-कबीर प्रांतातली वस्ती. मार्च २०२० मध्ये देशभरातल्या शाळांबरोबर इथल्याही बंद झाल्या. सरकारी शाळांचे वर्ग ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्ट टीम्सवर भरले.

कुवेतमध्ये सीबीएसईच्या शाळांत शिकणाऱ्या भारतीय मुलांपुढचा पेच निराळा होता. १४ एप्रिल २०२१ रोजी दहावीची परीक्षाच रद्द झाली. शंभरपैकी २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे होतेच. उरलेले ८० वर्षभराच्या कामातून काढायचे ठरले: घटक चाचण्यांचे १०, सहामाहीचे ३०, सराव परीक्षेचे ४०. गुण ठरवायला मुख्याध्यापक आणि सात शिक्षकांची समिती. त्यांतले दोघे शेजारच्या शाळांतले. घरून दिलेल्या चाचण्या एकदम मोलाच्या ठरल्या. ज्यांनी नियोजनात त्या वेळेवर बसवल्या आणि नोंदी जपल्या, त्या शिक्षकांचे काम सोपे झाले.

खरी मेख पुढे होती. आधीच्या तीन वर्षांतला शाळेचा सर्वोत्तम निकाल आधार मानून त्या वर्षीची सरासरी त्याच्या आसपास ठेवायची होती. गुणांची खैरात त्यामुळे रोखली गेली, पण पूर्वीच्या तुकड्यांपेक्षा सरस निघालेल्या मुलांवर अन्यायच झाला.