चार ‘सी’ झाले, पाचवा विचारलात?

लग्नाचा सीझन आला की आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हिऱ्यांचे एक्स्पर्ट उगवतात. कट, कलर, क्लॅरिटी, कॅरट हे चार ‘सी’ सगळ्यांना तोंडपाठ! सॉलिटेअर घ्यावा की क्लस्टर, ईएमआय किती महिन्यांचा, यावर चहाचे दोन राऊंड होतात. पण एक पाचवा ‘सी’ आहे आणि त्याचा विषय सहसा कुणी काढत नाही. तो म्हणजे कॉन्फ्लिक्ट. तुमच्या बोटातल्या हिऱ्याच्या पैशावर कुठे युद्ध तर लढलं गेलं नाही ना, हा तो प्रश्न.

लिओनार्डो डिकॅप्रिओचा २००६चा ‘ब्लड डायमंड’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिलाय. कथा काल्पनिक, पण पार्श्वभूमी शंभर टक्के खरी. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ यादवी युद्ध चाललं. पन्नास हजारांच्या आसपास माणसं मेली. आरयूएफ या बंडखोर संघटनेने सामान्य लोकांचे हात तोडले. या युद्धाला हिरे हे एकमेव कारण नव्हतं, पण बंदुकांचा पैसा मोठ्या प्रमाणात हिऱ्यांतून यायचा. तिथल्या कोनो भागात हिरे नदीकाठच्या गाळात सापडतात. फावडं आणि चाळणी एवढ्यावर काम भागतं. म्हणजे ज्याच्या हातात बंदूक, त्याची खाण!

हे हिरे शेजारच्या लायबेरियातून बाहेर पडायचे आणि पुढे युरोपच्या बाजारात पोचायचे. लायबेरियाच्या नावावर इतके हिरे विकले जात होते, की तेवढे काढण्याची त्यांच्या खाणींची ऐपतच नव्हती. तरी खरेदीदार गप्प. माल चांगला, भाव चांगला, मग चौकशी कशाला? खरी गोम इथेच आहे. गोळी झाडणारा जंगलात होता, पण त्याला पैसे पुरवणारी साखळी एअरकंडिशन्ड ऑफिसांतून जात होती. लायबेरियाचे तेव्हाचे अध्यक्ष चार्ल्स टेलर यांना या युद्धातल्या गुन्ह्यांना मदत केल्याबद्दल २०१२मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली.

‘ठीक आहे, पण आपला काय संबंध?’ असं म्हणाल, तर संबंध भरपूर आहे. जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी साधारण नवांना पैलू पडतात ते भारतात, मुख्यतः सुरतेत. आणि व्यापार चालतो आपल्या मुंबईत. आधी ऑपेरा हाऊसच्या गल्ल्यांत आणि २०१०पासून बीकेसीतल्या भारत डायमंड बोर्समध्ये. बीकेसीत नोकरी करणारे तर रोज त्याच्यासमोरून जात असतील. हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या शब्दावर चालत आलाय. कागदाच्या पुडीत लाखोंचा माल आणि मध्ये फक्त भरवसा. पण शब्द पाळणं एक आणि माल कुठून आला हे विचारणं दुसरं.

ते विचारायची सवय लागली ती दबावामुळे. १९९८मध्ये ‘ग्लोबल विटनेस’ या संस्थेने अंगोलातल्या हिऱ्यांचं आणि युद्धाचं नातं जगासमोर मांडलं. मे २०००मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्ली गावात सरकारं, व्यापारी आणि कार्यकर्ते एकाच टेबलावर बसले. त्यातून १ जानेवारी २००३ला ‘किंबर्ली प्रोसेस’ सुरू झाली. नियम साधा. कच्चा हिरा देशाबाहेर पाठवायचा तर सीलबंद डब्यात आणि सोबत सरकारी प्रमाणपत्र. प्रमाणपत्र नाही, तर सदस्य देशात प्रवेश नाही. भारत यात सुरुवातीपासून आहे आणि २०१९मध्ये अध्यक्षपदही आपल्याकडे होतं.

याने काय फरक पडला? सिएरा लिओनचं युद्ध थांबलं त्यात संयुक्त राष्ट्रांच्या आणि ब्रिटिश सैन्याचा मोठा वाटा होता, हे मान्य. पण शांतता टिकवायलाही पैसा लागतो. २०००मध्ये या देशातून कायदेशीर मार्गाने जेमतेम एक कोटी डॉलरचे हिरे बाहेर गेले होते. २००४मध्ये हा आकडा साडेबारा कोटींवर गेला. चोरवाटेने जाणारा माल हिशेबात आला, सरकारला कर मिळू लागला आणि त्यातला काही हिस्सा खाणींच्या गावांना परत जाऊ लागला.

दुसरं उदाहरण बोत्स्वानाचं. १९६६ला स्वातंत्र्य मिळालं आणि पुढच्याच वर्षी हिरे सापडले. तिथल्या खाणी खोल, मोठ्या यंत्रांशिवाय काम होत नाही, हे नशीब खरंच. पण खाणकंपनीत सरकारचा निम्मा हिस्सा आहे आणि तो पैसा शाळा, रस्ते, दवाखान्यांत गेला. दगड तोच, व्यवहार वेगळा!

अर्थात सगळं गुडी-गुडी नाही. किंबर्लीची व्याख्या फक्त बंडखोरांच्या हिऱ्यांपुरती आहे. २००८मध्ये झिम्बाब्वेच्या मरांगे भागात लष्करानेच खाणकामगारांना गोळ्या घातल्या. बंदूक सरकारची असेल तर काय करायचं, याचं उत्तर या नियमांत नव्हतं. ‘ग्लोबल विटनेस’ २०११मध्ये या योजनेतून बाहेर पडली. युक्रेन युद्धानंतर जी-सेव्हन देशांनी जानेवारी २०२४पासून रशियन हिऱ्यांवर बंदी आणली, ती किंबर्लीच्या बाहेर जाऊन.

म्हणूनच गिऱ्हाइकाने विचारणं महत्त्वाचं. मैत्रिणीच्या साखरपुड्याच्या खरेदीला गेले होते, तेव्हा मी सेल्समनला सहज विचारलं, “हा हिरा आला कुठून?” तो म्हणाला, “मॅडम, सर्टिफिकेट आहे ना!” आणि त्याने ग्रेडिंग रिपोर्ट पुढे केला. त्यात चारही ‘सी’ होते, खाणीबद्दल अवाक्षर नाही. किंबर्लीचं प्रमाणपत्र कच्च्या मालाच्या पार्सलला असतं, तुमच्या अंगठीला नव्हे. पैलू पडल्यानंतर हिरे व्यवसायाची स्वतःची एक पद्धत आहे. विकणारा बिलावरच लिहून देतो की हे हिरे संघर्षमुक्त स्रोतांतले आहेत. ती ओळ मागा. नसेल तर का नाही, हे विचारा.

लॅबमध्ये तयार केलेला हिरा घेतला की प्रश्न मिटला, असंही काहींना वाटतं. तो पर्याय चांगलाच आहे. पण सगळ्यांनीच खाणीकडे पाठ फिरवली, तर सचोटीने धंदा करणाऱ्या बोत्स्वानासारख्या देशाचंही पोट मारलं जातं. हिरा घ्या किंवा नका घेऊ, पण घ्याल तेव्हा चौकशी करून घ्या.

आणि हे फक्त हिऱ्यांपुरतं नाही बरं का! आपल्यातले कितीतरी जण पर्चेस, अकाउंट्स, ऑडिटमध्ये आहेत. ‘माल कुठून आला’ हा रकाना आपण रोज घाईघाईत ‘एनए’ लिहून पुढे ढकलतो. शांतता म्हटलं की आपल्याला करार आणि नोबेल आठवतं. पण सिएरा लिओनच्या वेळी हा रकाना वर्षानुवर्षं कोरा राहिला आणि तिकडे बंदुका येत राहिल्या. उद्या तो फॉर्म तुमच्या टेबलावर आला, तर दोन मिनिटं जास्त द्या.